'द हंगर गेम्स' : पहिली ९ प्रकरणं वाचून झाली, तुम्हाला काय वाटलं?

तापीकाठची | मंगळवार, रात्री ९:४०

मी चोपडा तालुक्यात शिकवते. शाळा सुटल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी आठवी-नववीच्या नऊ मुलींना घेऊन वाचायला बसते. यंदा मुलींनी हट्टच धरला की इंग्रजी कादंबरी वाचायची, तीही आमच्या वयाच्या मुलीची. मी सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' घेतली. २००८ सालची आहे. एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायचा, मग मराठीतून सांगायचा, कुठे अडलंच तर अहिराणीतून. असं करत पहिला भाग, म्हणजे ९ प्रकरणं, संपायला पावणेदोन महिने लागले. एकूण प्रकरणं २७ आहेत. पुढचं कुणी फोडू नका, एवढी विनंती.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर अमेरिका उद्ध्वस्त झाल्यावर तिथे पॅनेम नावाचा देश उभा राहिलाय. श्रीमंत राजधानी कॅपिटॉल आणि तिला पोसणारे १२ जिल्हे. जिल्ह्यांनी एकदा बंड केलं, ते चिरडलं, तेरावा जिल्हा तर पुसूनच टाकला. त्याची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची. ही २४ मुलं बंदिस्त रानात सोडायची आणि एकच जिवंत उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावायचं. सगळा देश ते टीव्हीवर बघतो, बघणं सक्तीचं आहे. गोष्ट सांगणारी कॅटनिस १६ वर्षांची, बाराव्या, कोळशाच्या जिल्ह्यातली. चिठ्ठी निघते तिच्या १२ वर्षांच्या बहिणीची, प्रिमची, आणि कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते.

चिठ्ठ्या काढायच्या दिवसाला पुस्तकात 'रीपिंग' म्हणतात. मी 'निवड' म्हणून पाहिलं, 'कापणी' म्हणून पाहिलं. शेवटी 'सोंगणी' म्हटलं आणि मुली एकदम गप्प झाल्या. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, सोंगताना विळा कसा फिरतो ते प्रत्येकीने पाहिलंय. उभं पीक, भरलेलं कणीस, आणि बुडाशी विळा.

पण मला खरं बोलायचंय ते चिठ्ठ्यांच्या हिशोबाबद्दल. १२ व्या वर्षी नाव एकदा टाकतात, १३ व्या वर्षी दोनदा, असं वाढत १८ व्या वर्षी ७ वेळा. हे सगळ्यांना सारखं. मात्र घरात दाणा नसेल तर मूल जादा चिठ्ठी टाकून 'टेसेरा' घेऊ शकतं. एका टेसेरात एका माणसापुरतं वर्षाचं धान्य आणि तेल, तेही जेमतेम. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक घेता येतो. आणि या चिठ्ठ्याही दर वर्षी साचत जातात. कॅटनिसच्या घरी ३ माणसं, म्हणजे वर्षाला १ + ३ = ४, पाच वर्षांत २०. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा, घरात ५ तोंडं, म्हणजे वर्षाला ६, सात वर्षांत ४२. महापौराची मुलगी मॅज कॅटनिसच्याच वयाची, तिच्या चिठ्ठ्या ५. प्रिमची एकच होती, कारण कॅटनिसने तिला टेसेरा घेऊच दिला नाही. आणि नेमकी तीच निघाली.

तलवारी, भाले पुढे येतीलच. मला या बेरजेची जास्त भीती वाटली. इथे भूकच चिठ्ठी टाकते. मूल फक्त ती पुरवत राहतं.

तुम्ही वाचली असेल तर सांगा.

एरंडोलकर | मंगळवार, रात्री १०:२५

'सोंगणी' शब्दाने अंगावर काटा आला, ताई. तोच ठेवा.

मला पहिल्याच प्रकरणात बकासुर आठवला. आमचं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पद्मालयच्या गणपतीला गेलं की जवळच भीमकुंड आहे, बकासुराला भीमाने तिथे मारलं असं आजी सांगायची. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, घराघराची पाळी. ज्या घरी पांडव उतरले त्यांची पाळी येते तेव्हा बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. आणि बोबडं बोलणारा लहानगा गवताची काडी उचलून म्हणतो, मी हिने राक्षसाला मारीन. आजी तिथे थांबायची. डोळे पुसायची आणि मग पुढे सांगायची.

कॉलिन्सबाईंनी स्वतः सांगितलंय की त्यांच्या डोक्यात ग्रीकांची थिसियसची गोष्ट होती. अथेन्सने सात मुलगे आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या, तिथे मिनोटॉरने खायच्या. शिवाय एका रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, ती त्यांच्या मनात एकमेकांत मिसळली.

आता तुमचा हिशोब वाचून बकासुर आणि कॅपिटॉल यांतला फरक माझ्या लक्षात आला. एकचक्रेत पाळी घरागणिक होती. गरीब असो की सावकार, वेळ आली की गाडा जुंपायचा. पॅनेममध्ये पाळीही विकत घेता येते, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याची पाळी लांबते. बकासुराला निदान पोट होतं. कॅपिटॉलला भूकच नाही, त्याला बघायचंय.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, रात्री ११:१०

मी हे पुस्तक दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत वाचलं होतं. ताईंचा धागा पाहून पहिली तीन प्रकरणं आत्ता परत वाचली.

कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात जातात तेव्हा ती ११ वर्षांची असते. त्यानंतर तिची आई बोलायचीच बंद होते. खाटेवर पडून भिंतीकडे बघत राहते, पोरी उपाशी आहेत हे तिच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. माझे वडील रेल्वेत होते. ते गेले तेव्हा मी १३ वर्षांची, धाकटा भाऊ ८ वर्षांचा. आई चार-पाच महिने अशीच होती. मी सकाळी पाणी भरून, पोळ्या लाटून, त्याचा डबा करून शाळेत जायचे. वर्गात कुणाला कळू नये म्हणून वेणी घट्ट घालायचे. लोक घरी येऊन आईला धीर द्यायचे आणि मला म्हणायचे, आता तूच मोठी. मला आईचा राग यायचा, आणि राग आला म्हणून रात्री रडू यायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कॅटनिस आईवरचा तो राग लपवत नाही. निघताना निरोपाच्या खोलीत ती आईला चक्क दरडावते की या वेळी तसं करायचं नाही, प्रिमला सोडून आत निघून जायचं नाही. प्रेमळ मुलीने असं बोलू नये असं आपल्याकडे वाटतं. मला ते वाचून फार मोकळं वाटलं.

आणि ती जळकी भाकरी. मी पावाला भाकरीच म्हणते. पाऊस पडतोय, प्रिमचे लहानपणचे कपडे बाजारात विकले गेलेले नाहीत, ही बेकरीमागच्या झाडाखाली बसलीय. पीटा, बेकरीवाल्याचा मुलगा (बाराव्या जिल्ह्यातून कॅटनिससोबत चिठ्ठी निघते ती याचीच), मुद्दाम पाव जळू देतो, आईचा मार खातो आणि जळके पाव डुकराला टाकायच्या निमित्ताने बाहेर येऊन तिच्याकडे फेकतो. एकदाही वळून बघत नाही. न बघता दिलं, ते सगळ्यात मोठं. ज्याने घेतलंय त्यालाच हे कळतं.

शिरपूरवाला | बुधवार, सकाळी ८:०५

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. पहिली तीन प्रकरणं एका दमात वाचली. त्यानंतर कॅपिटॉलला पोचल्यावर माझा जीव त्यातून निघाला. केस काढणं, अंगाला लेप, अंग हिरवं रंगवलेली बाई, आगीचा पोशाख, मुलाखत. पानंच्या पानं नटणं चाललंय. मुलगी मरायला निघालीय आणि लेखिका कपड्यांचं वर्णन करतेय. कॅपिटॉलचे लोकही फार सोपे वाटले, रंगीत आणि मूर्ख. जुलूम करणारे असे दिसत नाहीत, ते साधे, सभ्य आणि घरंदाज दिसतात. नवव्या प्रकरणाच्या शेवटी पीटा सगळ्यांसमोर प्रेम सांगतो तिथे तर मालिकेचा भाग संपल्यासारखं वाटलं.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. जीभ कापलेली ती लाल केसांची नोकर मुलगी, अव्हॉक्स. कॅटनिसने तिला पूर्वी रानात पळताना पाहिलेलं असतं. मुलगी हिच्याकडे बघते, ही खडकाच्या कपारीखाली लपून राहते. विमान येतं, जाळं टाकून तिला उचलून नेतं. आता तीच मुलगी हिची खोली आवरायला येते. काहीच बोलता येत नाही, एकीला जीभ नाही आणि दुसरीला तोंड नाही. हे दोन पानांत आलंय, त्याला वीस पानं द्यायला हवी होती.

दादर_भाकरी | बुधवार, दुपारी १:३०

शिरपूरवाले भाऊ, नटण्याच्या प्रकरणांबद्दल मला अगदी उलट वाटलं. मी अमळनेरकडचा, सध्या नोकरीला पुण्यात.

आमच्या गावाशेजारी नवसाचा बोकड कापतात. लहानपणी मी एकदा अगदी जवळ उभा होतो. बोकडाला आंघोळ घातली, कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार. मग त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं आणि सगळे थांबले. बोकड अंग झटकेपर्यंत कुणी सुरी लावत नाही. झटकलं की देवाने मान्य केलं असं समजायचं. त्या दिवशी बोकड बराच वेळ नुसता उभा होता, हारातली फुलं चघळत. पुन्हा पाणी टाकलं. मग त्याने अंग झटकलं आणि मंडळी आनंदाने ओरडली.

कॅटनिसला सजवतात, हसायला शिकवतात, गिरकी घ्यायला लावतात. ती गिरकी घेते आणि लोक टाळ्या वाजवतात. ते अंग झटकणंच आहे. मुलीने हसून मान्यता दिली की मग बघणाऱ्याला काही टोचत नाही. कपड्यांचं एवढं वर्णन नसतं तर मला हे कळलं नसतं.

आणखी एक. पुस्तक सगळं वर्तमानकाळात आहे. इंग्रजी वाचणाऱ्या मित्रांना ते विचित्र वाटलं म्हणे. मला अजिबात नाही. आमचे आजोबा ओट्यावर गोष्ट सांगायचे ती अशीच: राजा जातो, दार उघडतो, बघतो तर काय! ऐकणाऱ्याला पुढचं माहीत नाही आणि सांगणाऱ्यालाही जणू माहीत नाही. ताई, मराठीतून सांगताना तुम्ही 'ती गेली' न म्हणता 'मी जाते' म्हणा. मुली पुढे सरकून बसतील.

सातपुडा_पायथा | बुधवार, सायंकाळी ७:१५

भाऊ, तू खरं बोलना. बोकडनी गोट वाचीसन मना जीव हाली गया.

मराठीत लिहितो. मी यावलच्या वरच्या अंगाला राहतो. कॅटनिस हे पाण्यातल्या एका वनस्पतीचं नाव आहे, तिचे कंद खातात. बापाने मुलीला कंदाचं नाव ठेवलं. बाप गेल्यावर ती तळ्यात उतरते, चिखलात पायाने चाचपून तेच कंद काढते आणि त्या रात्री घरात तिघी पोटभर जेवतात. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं.

आमच्याकडे पहिल्या पावसानंतर बाया रानात जातात. तरोटा, कुर्डू, फांग, आणि पुढे कटुर्ले. कोणता कंद तसाच खायचा आणि कोणता कडू म्हणून चिरून, वाहत्या पाण्यात ठेवून, उकळून मग खायचा, हे पोरींना आई शिकवते, वही-पुस्तक काही नाही. चुकलं तर घसा सुजतो. पॅनेममध्ये रानाला तारेचं कुंपण आहे, पलीकडे गेलं तर शिक्षा. खायला आहे ते कुंपणापलीकडे, उपाशी माणसं अलीकडे. कॅटनिसला जगवतं ते बापाने शिकवलेलं रान. तिथल्या सगळ्यांना कोळसा खणता येतो, पण कोळसा खाता येत नाही. आमच्या खालच्या पट्ट्यात केळी पिकते, रावेर-यावलची केळी ट्रक भरभरून दिल्लीकडे जाते. घड उतरवणाऱ्या मजुराच्या घरी संध्याकाळी काय शिजतं ते मी पाहिलंय.

पारोळा_आई | गुरुवार, सकाळी ११:२०

मी पुस्तक वाचलेलं नाही, सिनेमा पाहिलाय २०१२ चा. ती रांगेत उभी मुलं, बोटाला सुई टोचून रक्त घेतात तो प्रसंग बघूनच मी मुलीला उठवून आत नेलं होतं. ती १३ ची आहे. मला मनापासून विचारायचंय, एवढ्या लहान मुलींना हे वाचायला द्यावं का? मुलांनी मुलांना मारायचं, हे त्यांच्या डोक्यात कशाला?

एरंडोलकर | गुरुवार, दुपारी १२:०५

ताई, सुई टोचणं सिनेमातलं. पुस्तकात मुलं नुसती नोंद करून रांगेत उभी राहतात. तसंच कॅटनिसची सोन्याची पक्ष्याची पिन पुस्तकात मॅज देते. ज्या मुलीच्या चिठ्ठ्या फक्त ५, तिने दिलेली. सिनेमात मॅज नाहीच, त्यामुळे ही गोष्ट हरवली.

नंदुरबारची | गुरुवार, रात्री ९:५०

पारोळ्याच्या ताईंचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मी वाचनालयात काम करायचे तेव्हा एका शाळेने हेच पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवलेलं पाहिलंय. कारण हेच, मुलांना झेपणार नाही.

मी नंदुरबारची. ९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या गावात मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता तेव्हा १५ वर्षांचे होते, हातात झेंडा होता. त्यांच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. हे आमच्याकडे बालवाडीपासून सांगतात. आई मला बोट धरून स्मारकापाशी न्यायची आणि नावं मोठ्याने वाचायला लावायची. मी तेव्हा पहिलीत असेन. मला भीती वाटली का? वाटली. पण आईचा हात हातात होता आणि आई रडत होती, त्यामुळे ही भीती कशाची आहे ते मला कळलं. ताईंच्या वर्गात नऊ मुली आणि एक बाई एकत्र बसून वाचतायत. कुलपातलं पुस्तक मुलगी पुढे एकटीने चोरून वाचेल, तेव्हा विचारायला जवळ कुणी नसेल.

दुसऱ्या प्रकरणात कॅटनिस पुढे होते तेव्हा लोकांना टाळ्या वाजवायला सांगतात. कुणी वाजवत नाही. सगळे तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे उंचावतात. बाराव्या जिल्ह्यात ही जुनी खूण आता क्वचितच, कधीकधी मयताला निरोप देताना करतात. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा रस्त्यावरच्या तरुण मुलांनी हीच तीन बोटं वर केली. किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीतली खूण. मुलांना काय झेपतं ते आपण फार कमी धरतो.

टेसेराबद्दल एक सांगते. रोमन काळात धान्य मिळवण्याच्या बिल्ल्याला टेसेराच म्हणत, आणि पॅनेम हा लॅटिनमधला भाकरीचा शब्द. 'भाकरी आणि खेळ' दिले की लोक गप्प बसतात, असं जुव्हेनल या रोमन कवीने लिहून ठेवलंय. आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो. ते हक्काचं आहे, त्यासाठी कुणी मुलाचं नाव मागत नाही, हा फरक मुलींना जरूर सांगा. पण हेही सांगा की हक्काच्या धान्यालाही अंगठा लावावा लागतो. कापूस वेचून वेचून रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही. मी रांगेत पाहिलंय: ती पदराला बोट पुसते, परत ठेवते, परत पुसते. मागचे लोक चुळबुळ करतात आणि तीच सगळ्यांची माफी मागते.

शिरपूरवाला | गुरुवार, रात्री १०:४०

बोकडाचं वाचून मी पाचवं प्रकरण काल रात्री पुन्हा काढलं. दादर_भाकरी, तुमचं बरोबर आहे. तिला उघडी करून सजवणारे तिघे तिच्याभोवती फिरतात आणि ती त्यांना तीन रंगीत पक्ष्यांसारखी बघते, ते मी आधी घाईत वाचलं होतं. कॅपिटॉल सोपं वाटतं हे माझं मत अजून तसंच आहे.

भुसावळ_जंक्शन | गुरुवार, रात्री ११:००

नंदुरबारच्या ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

तापीकाठची | शुक्रवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. आज मी तुमच्या धाग्यातलं बरंच वर्गात नेलं.

आधी एरंडोलकरांचा बकासुर सांगितला. गवताच्या काडीपाशी मीही थांबले. मग विचारलं, बकासुराची पाळी आणि पॅनेमची चिठ्ठी, यात काय वेगळं? पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मागे बसणारी एक मुलगी आहे, वय १४, घरी सालदारकी, वर्गात ती क्वचितच तोंड उघडते. ती उठली, माझ्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: घरात ७. वर्षाला १ + ७ = ८. बारा, तेरा, चौदा, तीन वर्षं. ८ × ३ = २४. मग म्हणाली, "बाई, माझ्या कॅटनिसपेक्षा चार जास्त. आणि मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान."

त्यानंतर सगळ्याच उठल्या. प्रत्येकीने आपापलं घर मांडलं. गावात दुकान असलेल्यांच्या मुलीचे ३ आले, कारण तिला टेसेरा घ्यावाच लागला नसता. ती खडू हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं, "माझी चिठ्ठी मी हिच्याबरोबर वाटून घेऊ शकते का?" मी सांगितलं, पुस्तकात तशी सोय नाही, जागा घ्यायची तर पूर्ण घ्यावी लागते, कॅटनिसने घेतली तशी. ती म्हणाली, "म्हणजे वाटून घ्यायचा नियमच केला नाही त्यांनी."

मी फळा पुसला नाही. नऊ घरांची नऊ गणितं तशीच आहेत. शिपाईमामांना सांगून आलेय, मंगळवारपर्यंत हात लावू नका. मंगळवारी दहावं प्रकरण सुरू करतोय, आणि दादर_भाकरींनी सांगितल्याप्रमाणे यापुढे 'मी जाते' असंच सांगणार आहे.

पारोळ्याच्या ताई, तुम्हाला जमत असेल तर एखाद्या मंगळवारी लेकीला घेऊन या. पावणेपाचला बसतो आम्ही.

पारोळा_आई | शुक्रवार, रात्री ९:३०

लांब पडतं, ताई, पण सुट्टीत नक्की येईन. आज रात्री पहिलं प्रकरण आम्ही दोघी मिळून वाचतोय. तिने आत्ताच विचारलं, प्रिमने सकाळी बहिणीसाठी तुळशीसारख्या पानांत गुंडाळून ठेवलेलं शेळीच्या दुधाचं चीज कॅटनिसने खाल्लं का. पुढे वाचून सांगते.